चिंचवडचे देव, चाकणचे नरसाळे आणि आमचा हजेरीपट

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा बोनस, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी काहीतरी आम्ही सांगू, अशी त्यांची अटकळ असावी. आम्ही 'आडनावे' असे सांगितले तेव्हा ते हसले. हा विषय विद्वानांचा आणि आम्ही पडलो युनियनची माणसे, असे त्यांच्या मनात आले असल्यास त्यात गैर काही नाही. परंतु आमचे म्हणणे असे की, आडनावांशी जितका संबंध आम्हांला येतो तितका क्वचितच कोणाला येत असेल. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढची तीस वर्षे पुस्तके वाचली ती पाळ्यांच्या मधल्या वेळात, आणि हजेरीपट वाचले ते कामाच्या वेळात. हजेरीपट हाही एक इतिहासाचा ग्रंथच आहे. दोष इतकाच की, त्यात जो ज्या दिवशी गैरहजर असतो तो त्या दिवशी इतिहासातूनही गैरहजर होतो.

प्रथम शब्दच पाहू. आडवाट, आडरान, आडगाव या शब्दांत जो 'आड' आहे तोच 'आडनाव' यातही आहे. जी मुख्य नव्हे ती आडवाट. जे मुख्य नव्हे ते आडनाव. खरे नाव पाळण्यातले, आणि हे बाजूचे, दुय्यम, ओळखीपुरते. आज व्यवहार उलटा झाला आहे. साहेब कामगाराला आडनावाने हाक मारतो, नोटिशीवर आडनाव आधी येते, आणि संगणकाच्या अर्जात आडनावाचा चौकोन रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नाही. आडवाटेचा हमरस्ता झाला तो कसा, हे आपल्याच पिंपरी-चिंचवड-चाकण या पट्ट्यातील काही नावे घेऊन पाहावे, असा आमचा विचार आहे.

चाकणपासून आरंभ करू. आज मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे. १६६० साली शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला, आणि किल्लेदाराने तो कोट जवळजवळ दोन महिने लढविला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा किल्ला गेला. या किल्लेदाराचे नाव फिरंगोजी नरसाळा. आता 'नरसाळे' म्हटले की आमच्या कामगाराला तेल ओतायचे नरसाळे आठवते, आणि त्यावरून कोणी कथाही रचील. आवाजावरून अर्थ लावण्याचा हा खेळ करमणुकीला ठीक आहे, इतिहासाला नव्हे. आम्हांला या नावात दुसऱ्याच दोन गोष्टी मोलाच्या वाटतात.

पहिली गोष्ट व्याकरणाची. जुन्या लिखाणात 'फिरंगोजी नरसाळा', 'तानाजी मालुसरा' असे एकवचन आढळते. आपण आज नरसाळे, मालुसरे म्हणतो. म्हणजे शेवटचा 'ए' हा आदराचा, अनेकवचनाचा आहे. शिंदे, मोरे, काळे, गोरे ही सगळी आडनावे मुळात आदरार्थी बहुवचने आहेत. ज्याला मुकादम अरे-तुरे करतो त्याच माणसाचे आडनाव घेताना मुकादमाची जीभ त्याला न कळत बहुमान देऊन जाते. आम्ही कित्येक वर्षे कामगाराला मानाने बोलवा म्हणून भांडत आलो. भाषेने ते काम आमच्या आधीच अर्धे करून ठेवले होते हे आम्हांला फार उशिरा समजले.

दुसरी गोष्ट 'फिरंगोजी' या पहिल्या नावातली. युरोपातील फ्रँक नावाच्या लोकांवरून फ्रान्स देशाला नाव पडले. त्याच फ्रँकांचे अरबी-फारशीत 'फरंग' झाले, आणि तेथून आपला 'फिरंगी' शब्द आला. मराठ्यांनी तो मुख्यत्वे पोर्तुगिजांना लावला. विलायती पात्याच्या तलवारीलाही 'फिरंग' म्हटले. कुरकुंभला फिरंगाई देवी आहे, तेव्हा हे नाव देवीवरून पडले असेल किंवा तलवारीवरून. पण त्याच्या तळाशी फ्रँक आहेच. ज्या चाकणला २००९ साली फोल्क्सवॅगनचा कारखाना सुरू झाला तेव्हा युरोप प्रथमच आला असे वर्तमानपत्रांनी मानले, त्या चाकणच्या कोटावर साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातील एका लोकसमूहाचे नाव मराठी होऊन पहारा देत होते!

खुद्द त्या फ्रान्स देशात आडनावांचे काय झाले हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तेथेही आरंभ आपल्यासारखाच झाला. लोहार तो लफेव्र, पाववाला तो बुलांजे, पुलापाशी राहणारा तो द्युपों, अंगाने लहान तो पती. शेजारी हाक मारीत, आणि हाक बदलली की नावही बदले. १५३९ साली पहिल्या फ्रान्सिस राजाने हुकूम काढला की, पाद्र्यांनी बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवावी. मग राज्यक्रांती झाली, आणि १७९४ च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला की, जन्माच्या दाखल्यावर जे नाव असेल त्याखेरीज दुसरे नाव कोणाही नागरिकाने लावू नये. ज्या क्रांतीने राजाचे डोके उतरविले तिनेच आडनाव गोठविले. १८०८ मध्ये नेपोलियनने यहुदी लोकांना कायमचे आडनाव घेण्याची सक्ती केली. पुढे आडनाव बापाकडूनच उतरत राहिल्यामुळे एखाद्या विरळ आडनावाच्या घरात मुलगे झाले नाहीत की ते आडनाव कायमचे पुसले जाई. आईचे आडनाव घेण्याची मोकळीक तेथे फार उशिरा आली. वयात आलेल्या माणसाला नगरपालिकेत साधा अर्ज देऊन ते घेता येऊ लागले ते १ जुलै २०२२ पासून. फ्रँक या शब्दाला 'मोकळा, स्वतंत्र' असाही अर्थ आला होता, हे येथे आठवते.

या सगळ्यातून एक गोष्ट हाताशी येते. आडनाव माणूस स्वतः घेत नाही. एक जण हाक मारतो, आणि दुसरा ती हाक कागदावर लिहून ठेवतो. लिहिणारा कोण, आणि त्या कागदाला काय चिकटलेले आहे, जमीन की दंड की पगार, यावर त्या आडनावाचे पुढचे आयुष्य ठरते.

आता चिंचवडला येऊ. पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव शाळिग्राम असे सांगतात. मोरयांचे पुत्र चिंतामणी महाराज. परंपरा अशी की, देहूच्या तुकोबांनी या चिंतामणी महाराजांना 'देव' म्हणून संबोधिले, आणि तेव्हापासून घराणे 'देव' झाले. गणपतीचा अंश या घराण्यात सात पिढ्या उतरेल अशी श्रद्धा होती. तेव्हा 'देव' हे प्रथम आडनाव नव्हते. ती पदवी होती, किंबहुना ते घरातल्या एका पुरुषाचे वर्णन होते. आम्ही श्रद्धेच्या वादात पडत नाही. आम्हांला कुतूहल आहे ते हे की, एका संताच्या तोंडची हाक आडनाव म्हणून टिकली कशी.

ती टिकली याचे कारण आमच्या मते इनाम हे आहे. या संस्थानाला मोगलांपासून पेशव्यांपर्यंत सर्वांनी गावे आणि जमिनी दिल्या. औरंगजेबाने आठ गावे दिल्याची आख्यायिका तर प्रसिद्धच आहे. इनाम म्हटले की सनद आली, सनद म्हटली की वारस आला, आणि वारस ओळखायचा तर नाव कायम पाहिजे. भक्ताच्या तोंडात 'देव' ही भक्ती होती. दप्तरात तीच मालकी झाली. १८०० साली कॅप्टन एडवर्ड मूर नावाचा इंग्रज चिंचवडला येऊन हे जिवंत देव पाहून गेला आणि त्याने त्यावर लेख लिहिला. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम ही प्रवासी बाई आली तेव्हा गादीवर एक लहान मुलगा होता. पुढल्याच वर्षी, १८१० मध्ये, ती सरळ वंशरेषा खुंटली. फ्रान्सच्या नोंदवहीत असते तर ते आडनाव तेथे संपले असते. चिंचवडला ते संपले नाही. संस्थान होते, उत्पन्न होते, तेव्हा लांबच्या नात्यातला पुरुष आणून बसविण्यात आला, आणि देवपण सरले तरी 'देव' राहिले. पुढे इंग्रज सरकारने १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन नेमून ज्याच्या त्याच्या इनामाचे कागद तपासायला घेतले, तेव्हा आडनाव ही किती कामाची वस्तू आहे हे सगळ्या महाराष्ट्राला कळून चुकले.

महाराष्ट्रातील सगळेच देव चिंचवडचे, असे मात्र कोणी समजू नये. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांचे नाव वाचकांस ठाऊक असेल.

ज्यांनी हे नाव दिले म्हणतात त्या तुकोबांचे स्वतःचे आडनाव काय? कूळ मोरे, आडनाव आंबिले. पण 'तुकाराम आंबिले' असे कोणी म्हटले तर वारकरी क्षणभर थबकेल. ज्याला सगळा मुलूख पहिल्या नावाने ओळखतो त्याला आड नाव लागत नाही. त्यांच्या वंशजांपैकी देहूस राहिले ते मोरे राहिले, आणि पंढरपुरास फड आहे तो देहूकरांचा. येथे 'कर' या प्रत्ययाची सगळी गोम आहे. देहूत राहून कोणी देहूकर होत नाही. गाव सुटल्यावरच गावाचे नाव माणसाला चिकटते. चिंचवडच्या दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या तिघा भावांचे आडनाव चाफेकर. जन्माने आणि वाड्याने ते चिंचवडचे. आडनाव मात्र कोकणातल्या चाफे गावाकडे बोट दाखविते. १८९७ च्या २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली आणि पुढील दोन वर्षांत तिघेही फासावर गेले. आज चिंचवडमध्ये चाफेकर चौक आहे. सरकारी खटल्याच्या कागदांनी ते नाव ज्या रीतीने कायम केले तसे कोणत्याही सनदेने केले नसते.

उलट आमच्या पट्ट्यातील मूळ गावकऱ्यांची आडनावे पाहा. भोसरीचे लांडगे, गव्हाणे, फुगे, थेरगावचे बारणे, वाकडचे कलाटे आणि कस्पटे, पिंपळे सौदागरचे काटे, चऱ्होलीचे तापकीर, चिखलीचे साने. यांत एकालाही 'कर' नाही, कारण ही माणसे कोठून आली असे विचारणारे त्या गावात कोणी नव्हते. इतकेच काय, येथे गावानेच घराण्याचे नाव घेतले आहे. सरकारी कागदांत पिंपरी ही 'पिंपरी वाघेरे' आहे, आणि चाकणजवळ कडांची म्हणून कडाची वाडी आहे.

या घराण्यांची नावे कित्येक पिढ्या सातबारावर होती. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि जमिनी संपादन होऊ लागल्या. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. त्यानंतर चाकणकडेही तेच झाले. जी नावे सातबारावरून उतरली त्यांतली काही हजेरीपटावर चढली, आणि पुष्कळशी कोठेच चढली नाहीत. नुकसानभरपाईच्या यादीत आडनाव एकदा येते. सातबारावर ते दरवर्षी पीकपाण्यासकट येत असे. हा फरक आम्हांला भोसरीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने समजावून सांगितला होता, आणि तो सांगताना त्यांना राग आला नव्हता, हे आम्हांला अधिक लागले.

मग बाहेरचे लोक आले. फाळणीनंतर पिंपरी कँपात सिंधी आले. त्यांच्या आडनावातला 'आणी' पूर्वजाचा वंशज असल्याचे सांगतो. गाव तर मागे राहिले होते, तेव्हा आजोबा-पणजोबांचे नाव हेच त्यांचे गाव. पाठोपाठ कोकण, मराठवाडा, खानदेश आणि अलीकडे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून माणसे आली. पाटील आले, कुलकर्णी आले. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांचा हुद्दा गेला. परंतु हुद्दा गेला तरी त्याचे आडनाव लेथवर उभे आहे. उत्तरेकडच्या कित्येक पोरांना आडनावच नसते. 'कुमार' हे आडनाव नव्हे, पण चौकोन भरायचा म्हणून तेच आडनाव होते, आणि वडील 'प्रसाद' व मुलगा 'कुमार' असल्यावर हे एकाच घरातले कसे, असे विमा कचेरी विचारते.

आडनावाची एक दुसरीही बाजू आहे, ती टाळून चालणार नाही. नवा कामगार खात्यात आला आणि त्याने गायकवाड, मोरे किंवा जाधव असे सांगितले की लगेच प्रश्न येतो, 'म्हणजे कुठले?' विचारणाऱ्याला गाव नको असते, जात हवी असते. कारण ही आडनावे अनेक जातींत आहेत. युनियनच्या सभासदत्वाची पावती फाडतानाही हा प्रश्न आम्ही ऐकला आहे, आणि एकदा तो आमच्याच कार्यकर्त्याने विचारला होता. त्या दिवशी पावतीपुस्तक आम्ही त्याच्या हातून काढून घेतले. तो पुढे चार महिने आमच्याशी बोलला नाही. ज्या घराण्याचे आडनाव सकपाळ होते त्या घराण्यातील मुलाची नोंद सातारच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' अशी झाली. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव, म्हणून आंबडवेकर, आणि त्याचे आंबेडकर. शाळेच्या नोंदवहीतील ती एक ओळ. त्याच आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी आमच्या देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, आणि आज त्या आडनावापुढे 'म्हणजे कुठले?' असे विचारण्याची कोणाची छाती होत नाही.

आडनाव फार लोकप्रिय झाले की त्याचे काम संपते, ही गंमत आम्ही कारखान्यात पाहिली. एका खात्यात पाच शिंदे. मग क्रेन चालविणारा क्रेनशिंदे, कँटीनच्या समितीवरचा कँटीनशिंदे, पायी येणारा आळंदीशिंदे, आणि सगळ्यांत धाकट्याला नुसताच 'नवा'. तो नवा पंधरा वर्षांनी निवृत्तीच्या गोष्टी करू लागला तरी 'नवा'च होता. कुलकर्णी, सुतार, धाकटे ही आडनावे अशीच झाली असणार. फक्त हे नवे नाव लिहून ठेवायला आता कोणी कारकून तयार नाही.

एके काळी मात्र कारकून फार तयार असे. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ १९८७ साली या पट्ट्यातील एका कारखान्यात लागले. फाटकावर नाव विचारले, त्यांनी पाळण्यातले सांगितले. पुढे 'काय?' असे विचारले. काय काम येते असा तो प्रश्न आहे, असे समजून ते म्हणाले, 'सुतार.' तेच लिहिले गेले. गावाकडचे आडनाव वेगळेच होते. पण पगार वेळेवर मिळत होता, ओळखपत्र आले, चाळीत खोली मिळाली, दारावर सुतार अशी पाटी लागली, आणि एकोणतीस वर्षे कोणाला काही अडले नाही. मुले मात्र गावी आजोळी शिकली, म्हणून त्यांच्या दाखल्यांवर गावाकडचे आडनाव राहिले.

२०१६ मध्ये ते निवृत्त झाले आणि भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज परत आला. आधार कार्डावर आणि बँकेच्या पुस्तकात एक आडनाव, कारखान्याच्या नोंदीत दुसरे. मालकाने आणि कामगाराने मिळून प्रतिज्ञापत्र द्या, असे सांगण्यात आले. कारखान्याची मालकी मध्यंतरी बदललेली, जुने कागद पोत्यात. आम्ही ती पोती उपसली. पहिल्या महिन्याच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे अंगठा होता, सही नव्हती. आणि तो अंगठा त्यांनीच दिला होता हे सांगायला त्या काळचा एकच सोबती हयात निघाला. तो चिंचवडला मंगलमूर्ती वाड्याजवळ राहत होता. तो स्वतः येऊ शकत नव्हता, तेव्हा नोटरीलाच त्याच्याकडे नेले. या सगळ्याला चौदा महिने लागले. या चौदा महिन्यांत बाईंच्या हातातल्या पाटल्या गेल्या, हे आम्हांला नंतर समजले.

पैसे अखेर आले. त्याच सुमारास त्यांच्या नातवाला शाळेत घालायचे होते, आणि अर्ज भरायला ते आमच्या कचेरीत आले. अर्जावर तीन चौकोन होते: मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आईच्या नावाला तेव्हा त्या ओळीत जागा नव्हती. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात ती आली. नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. त्या दिवशी मात्र प्रश्न शेवटच्या चौकोनाचा होता. 'काय लिहू?' असे त्यांनी आम्हांला विचारले. मुलाच्या बापाच्या आधारवर असेल तेच लिहा, असे आम्ही सांगितले. त्यांनी गावाकडचे आडनाव सावकाश लिहिले, दोन वेळा वाचून पाहिले आणि टोपण लावून पेन परत दिले.

दारावरची पाटी काढणार का, असे आम्ही सहज विचारले. ते म्हणाले, 'ती कशाला काढू? पोस्टमन तीच बघून पत्र टाकतो.'